देणारा धन, घेणारा ऋण

पलूस
२३ नोव्हेंबर

आक्का,

नमस्कार-चमत्कार पुढच्या पत्रात. आधी भांडण.

फोनवर तुझ्याशी भांडता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. मी इकडून तोंड सोडायचं आणि तू तिकडून शांतपणे "बरं" म्हणायचंस. तुझं "बरं" ऐकलं की माझं पुढचं वाक्यच पडतं. कागदाला "बरं" म्हणता येत नाही. तेव्हा हे पूर्ण वाच, आणि धनाजीदाजींना वाचून दाखवू नकोस.

काल म्हसवडच्या गाडीच्या कंडक्टरनं तुझी पिशवी आणून दिली. लोकरीचे गोळे. पांढरे बारके, काळे मोठे, साबणाच्या पाण्यात घोळून घट्ट केलेले. समीक्षाला विज्ञान प्रदर्शनासाठी मिठाच्या स्फटिकाची प्रतिकृती करायची आहे, हे मला माहीत होतं. विषय मीच दिला. थर्माकोलचे गोळे आणू, रंग देऊ, असंही म्हणाले होते. ती "बघू" म्हणाली. आणि मग संध्याकाळी गॅलरीत हळू आवाजात फोनवर बोलत होती, "आई, पांढरे बारके कर. काळे जरा थोराड पायजेत."

आई! माझ्या घरात, माझ्या गॅलरीत, माझ्या फोनवरून!

आक्का, मला हेवा वाटला. मी आडवळणानं लिहीत नाही. पोटात दुखलं. तिला "मम्मी" म्हणायला मीच शिकवलं, हे खरं. तेव्हा शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांची मुलं मम्मी म्हणायची, आणि आपण धनगराच्या पोरींनीच मागं का राहायचं, असं मला वाटायचं. मग "आई" हा शब्द रिकामाच राहिला. तुझी उत्कर्षा आणि बिरदेव तुला आई म्हणतात, त्यांचं ऐकून हीही म्हणायला लागली. रिकामी सीट दिसली की एसटीतसुद्धा कुणीतरी खिडकीतून रुमाल टाकतंच.

पण आक्का, समीक्षा तान्ही असताना भरल्या मांडवात तू तिला माझ्या ओटीत घातलीस. खण, नारळ, तांदूळ आणि त्यावर पोर. तुझ्या पोटची असली तरी त्या दिवसापासून माझी, असं तूच सगळ्यांसमोर म्हणालीस. तिलाही आपण हे कधी लपवलं नाही. मग आता हे लोकरीचं कशाला?

गोळे चांगले झालेत. ह्यांनी एक हातात घेऊन दाबून बघितला आणि म्हणाले, "आक्कांचा हातच वेगळा." काल रात्री मी ह्यांना भात वाढलाच नाही.

बिरोबाच्या जत्रेला समीक्षा येणार नाही. दहावीचं वर्ष आहे. तीच नको म्हणाली.

विजू


पलूस
१४ डिसेंबर

आक्का,

लोकरीच्या गोळ्यांचा मिठाशी काय संबंध, असं तू परवा विचारलंस आणि मी "तुला नाही कळायचं" म्हणाले. ते रागात. कळेल तुला, ऐक.

सोडिअमचा अणू घे. मधोमध केंद्रक, भोवती कक्षांमध्ये इलेक्ट्रॉन. पहिल्या कक्षेत दोन, दुसरीत आठ आणि शेवटच्या कक्षेत एकटाच एक. क्लोरीनच्या शेवटच्या कक्षेत सात. बाहेरच्या कक्षेत आठ झाले की अणूचा जीव शांत होतो. सोडिअमनं आपला तो एकुलता इलेक्ट्रॉन देऊन टाकला की आतली आठांची कक्षाच त्याची बाहेरची होते. क्लोरीनला तो मिळाला की त्याच्या साताचे आठ होतात. दोघांचंही भागतं. इतकी वर्षं मी वर्गात सांगत आले, सोडिअमनं क्लोरीनच्या ओटीत इलेक्ट्रॉन घातला. मुली हसतात, पण पेपरात बरोबर लिहितात.

आता इलेक्ट्रॉन असतो ऋण प्रभाराचा. वजा म्हण. घरातलं एक वजा बाहेर गेलं की मागं अधिक उरतं. म्हणून देणारा होतो धन आयन आणि घेणारा होतो ऋण आयन. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात. ती ओढ म्हणजे आयनिक बंध. आणि असे असंख्य धन-ऋण एकमेकांना धरून बसले की ते तुझ्या सांडग्याच्या डब्याशेजारचं मीठ.

गेल्या आठवड्यात वर्गात हाच भाग चालू होता. शेवटच्या बाकावरचा शंभूराज उठला. "मॅडम, ज्यानं दिलं त्यो धन, आन् ज्याला गावलं त्यो ऋण? ह्ये उलटंच झालं की!" दरवर्षी कुणीतरी हे विचारतं, आणि पेपरात उलटं लिहून गुण घालवतं. मी उत्तर द्यायच्या आत दुसऱ्या बाकावरून समीक्षा म्हणाली, "उलटं कुठं रं? ज्यानं घेतलं त्याच्यावरच ऋण ऱ्हातंय की."

वर्ग हसला. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. ती शंभूराजला लक्षात राहावं म्हणून बोलली. मी पाठ फिरवली आणि फळ्यावर मॅग्नेशिअम ऑक्साइडचं उदाहरण घेतलं.

पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच. कुठल्याही लग्नात जा, बारशाला जा, बायका म्हणतात, "भामाबाईनं काळीज काढून दिलं गं बहिणीला." बरोबर. तू दिलंस. आणि गोवर आल्यावर तिच्या उशाशी कोण बसलं? तिच्या केसातल्या उवा कुणी काढल्या? पाढे म्हणत नाही म्हणून तिच्याशी कोण भांडलं आणि मग मोरीत जाऊन कोण रडलं? ते कुणी म्हणत नाही. तू एकदा दिलंस आणि जन्माची धन झालीस. मी रोज करते आणि माझ्या नावावर ऋण.

अजून एक ऐक. इलेक्ट्रॉन दिला की अणू आकसतो, घेतला की फुगतो. म्हणून तुझे पांढरे गोळे बारके आणि काळे थोराड. तू अजून काडीसारखी आणि माझ्या ब्लाउजच्या शिवणी दर दिवाळीला उसवाव्या लागतात. निदान इथं तरी निसर्गानं माझी बाजू घ्यायची होती.

विजू


पलूस
२० जानेवारी

आक्का,

सांगलीच्या प्रदर्शनातून तू न जेवता निघून गेलीस. धनाजीदाजी मागून पाण्याची बाटली घेऊन पळत होते ते मी पाहिलं. मंडपात माणसं होती, म्हणून मी हाक मारली नाही.

माझी बाजू लिहिते. तुला पटो न पटो.

आदल्या दिवशी घरी मी समीक्षाला म्हणाले, तुझ्या ह्या प्रतिकृतीत जोडी दिसत नाही. एकेक पांढरा आणि एकेक काळा गोळा लाल दोऱ्यानं बांध, म्हणजे कुणी कुणाला दिलं ते कळेल. ती म्हणाली, "मम्मी, मिठात जोडी नसतीच. एका सोडिअमभोवती सगळ्या बाजूंनी सहा क्लोरीन, आणि एका क्लोरीनभोवती सहा सोडिअम. सगळे सगळ्यांना धरून असतात. कुणाचा इलेक्ट्रॉन कुणाकडं गेला, त्याला मग काय महत्त्व ऱ्हात न्हाई."

मला हे ठाऊक नाही असं नाही. बी. एस्सी. मी रसायनातच केलं. पण फळ्यावर मी कायम दोनच वर्तुळं काढते आणि मधे एक बाण. एक देणारा, एक घेणारा, प्रश्न मिटला. सहा बाजूंनी सहा जण धरून बसलेत, हे चित्र मला आवडतच नाही. म्हणून मी दोरा घेऊन बसले आणि तिनं तो दोरा माझ्या हातातून काढून घेतला.

आणि दुसऱ्या दिवशी तू आलीस. कुणी बोलावलं होतं? तिनंच. परीक्षक आले, लोकरीच्या गोळ्यांना हात लावून खूश झाले. म्हणाले, "हे कुणी करून दिलं?" पोरीनं तुझा हात धरून तुला पुढं ओढलं. "ही माझी आई. गोळे हिनं केलेत. आणि ह्या आमच्या मॅडम."

आमच्या मॅडम! शाळेत मला मॅडमच म्हणायचं, हा नियम माझाच आहे. इतर मुलांना वाटू नये की हिला घरचे गुण मिळतात. नियम तिनं पाळला, दुसरं काही केलं नाही. पण परीक्षकांनी तुला वाकून नमस्कार केला आणि मला विचारलं, "मॅडम, चहाची सोय कुठं आहे?"

तेव्हा माझा ताबा सुटला. तुला मंडपाच्या मागं नेलं आणि म्हणाले, "दिलेलं पोर बघायला असं सारखं सारखं यायचं नसतं." तू माझ्याकडं बघितलंस. "बरं" म्हणालीस. डबा उचललास आणि गेलीस.

त्या डब्यात काय होतं, ते ह्यांनी चार वेळा विचारलं.

विजू


पलूस
१ एप्रिल

आक्का,

तू उत्तर देत नाहीस. फोन केला की दाजी उचलतात आणि म्हणतात, "ती मेंढरांकडं गेलीया." तुमची मेंढरं आता रात्री जेवणाच्या वेळीही चरतात वाटतं.

परीक्षा झाली. विज्ञानाचा पेपर सोपा गेला म्हणते. आयनिक संयुगाचा प्रश्न आला होता, आकृतीसह. आकृती कुठली काढलीस, हे मी विचारलं नाही.

शेवटचा पेपर संपला त्या संध्याकाळी तिनं बॅग भरायला घेतली. सुट्टीत आईकडं जायचं. मी म्हणाले, नाही. उन्हाळ्यात तिकडं पाण्याचे हाल असतात. ती म्हणाली, टँकर येतो. मी म्हणाले, साप-किरडू असतं. ती म्हणाली, पलूसला काय साप न्हाईत? मग मी तिला ओटीचं सांगितलं, मांडवातलं, तू काय बोललीस ते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मम्मी, तुझ्या धड्यात सोडिअम बोलतो, क्लोरीन बोलतो. इलेक्ट्रॉनला कुणी काय विचारत न्हाई."

हे जेवायला बसले होते. ते हसले. मग माझ्याकडं बघून ताटात बघायला लागले.

मग तिनं विचारलं, "जत्रेला यायचं न्हाई असं मी कवा म्हनले?" म्हणजे तुमचं बोलणं झालेलं दिसतं. ठीक आहे. तिला विचारलंच नव्हतं. जत्रेत तू तिला भंडारा लावणार, गजी नाचणाऱ्यांसमोर मिरवणार, सगळा भावकीचा गराडा म्हणणार "भामाची पोर, भामाची पोर". मला नको होतं.

एक गोष्ट मी वर्गात सांगत नाही. सोडिअम हसत हसत इलेक्ट्रॉन देत नाही. तो काढायला ऊर्जा लागते, त्या अणूतून तो ओढून काढावा लागतो. दहावीला ते लागत नाही, म्हणून मी ते टाळून पुढं जाते. गोष्ट बरी वाटते मग.

आज सकाळी तिला विट्याच्या गाडीत बसवलं. खिडकीतून हात हलवला तिनं. मी हलवला नाही, कारण हातात तिची छत्री राहिली होती.

जून उजाडायच्या आत तिला परत पाठव.

विजू


पलूस
१८ मे

आक्का,

निकालाचं तुला कळलंच असेल. माझ्या आधी कळलं असेल. विज्ञानात शाळेत पहिली. मुख्याध्यापकांनी मला पेढे दिले आणि म्हणाले, "शेवटी आईच शिक्षिका म्हटल्यावर." मला बरं वाटलं. एवढं बरं वाटलं की मला माझीच लाज वाटली.

आणि संध्याकाळी तिचा फोन. अकरावी तिकडंच करणार म्हणे. म्हसवडला, तुझ्याकडं राहून. उत्कर्षाच्या सायकलवर जाणार. विचारत नव्हती ती, सांगत होती.

तर आता मी विचारते. हे तू शिकवलंस का? लोकरीपासून सुरुवात केलीस, मग प्रदर्शन, मग सुट्टी. पायरी पायरीनं. तू कधी भांडत नाहीस, हात पसरत नाहीस, "बरं" म्हणतेस आणि सगळं आपोआप तुझ्या पदरात येतं. मी आरडाओरडा करते आणि माझा पदर रिकामा होतो. तुझ्याकडं दोन लेकरं आहेत, आक्का. माझ्या घरात ती गेली की मी आणि हे, आणि टीव्हीवरच्या बातम्या.

तिच्या खोलीत मी काल गेले. गादीखाली माझी जुनी साडी घडी करून ठेवलेली. थंडीत पायावर घेत असेल. मी ती तिथंच ठेवली.

मला खरं सांग. तिथं ती तुझी झाली का? झाली असेल तर तसं लिही. मी पुन्हा पत्र लिहिणार नाही, फोन करणार नाही. ऋण आहे म्हटल्यावर कधीतरी फेडायचंच असतं. पण तोंडावर सांग. "बरं" म्हणू नकोस.

विजू


धनगरवाडी, म्हसवड
२५ मे

विजूस,

आशीर्वाद. तुजी पत्रं समदी मिळाली. मी सातवीपतूर शिकलेली, मला लिवायला येळ लागतो, म्हून न्हाई लिवलं. आन् रागबी आला हुता. सांगलीत बोललीस ते लय लागलं.

पैलं ह्ये, पोरीला इंचू चावला हुता. घाबरू नगं. आता उठून बसलीया, भाकरी खाल्ली. परवा दिस मावळताना वाड्यावर मेंढरं कोंडताना दगूड उचलला तर खाली लाल इंचू. धनाजींनी लगीच गाडीवर घालून दवाखान्यात न्हेली. सुई दिली, रातभर ठिवून घेतली. तुला तवाच फोन लावनार हुते, पर तीच म्हनली, मम्मी रातीची निघंल, गाडी मिळायची न्हाई, उद्या सांग. उद्याचा परवा झाला. ती माजी चूक.

हितं ऱ्हा म्हून मी तिला म्हनले न्हाई. बिरोबाची आन. मी इचारलं बी, का गं तुला हितं ऱ्हायचंय? तर म्हनली, "शाळंत मॅडम, घरात मम्मी, चोवीस तास शिकवनीच चालती. वाईच दम खाऊ दे." मला हसू आलं. तुला येनार न्हाई, ठावं हाय.

तू इचारलंस, ती माजी झाली का. आता खरं लिवते.

ती मला आई म्हनती तवा मला लय ग्वाड वाटतं. खोटं कशाला बोलू. कवा कवा रातीला वाटायचं, पोरगी माजी हाय, माज्याकडंच याची एक दिस. तू जळतीस ते कळतं मला. मी बी जळतीया. तुज्या घरातनं तिचा फोन आला आन् मागनं तुजा आवाज आला, "समे, दूध पी," का माज्या छातीत कळ यायची. बरं म्हनायचं न्हाई तर काय म्हनायचं?

पर इंचू चावला तवा मी तिच्या शेजारीच हुते. हातभर लांब. मानूस ठेचाळलं, भाजलं, का "आई गं" म्हनतंय. समदं जग म्हनतंय. उत्कर्षा म्हनती, मी म्हनती, धनाजी येवढं मिशीवालं गडी ते बी म्हनत्यात. आन् ह्या पोरीनं किंकाळी फोडली ती "मम्मी गं!" म्हून. दवाखान्यात जाईपतूर गाडीवर त्येच. मम्मी गं, मम्मी गं. मी तिला मागनं धरून बसले हुते.

ह्ये तुला कळाया पायजे वाटलं, म्हून लिवलं.

तुजी आक्का


पलूस
२९ मे

आक्का,

तुझं पत्र आत्ता आलं. ह्यांनी आणून दिलं आणि मी दारातच वाचलं. मग जिन्यात बसले. शेजारची धोंडुबाई विचारून गेली, काय झालं. मी म्हणाले, काही नाही, बहिणीचं पत्र आहे.

रविवारी पहिल्या गाडीनं येते. तिला न्यायला येत नाही, हे तिला आधी सांग, नाहीतर ती मेंढरांत लपून बसेल. अकरावीचं तिथंच होऊ दे. दर शनिवारी मी येईन, आणि शिकवणार नाही, असा प्रयत्न करीन. तिची छत्री आणते. विंचवाच्या जागेवर अजून सूज असेल तर सोमवारी साताऱ्याला दाखवून घेऊ, तिघीही जाऊ.

मी जेवून येणार नाही. डब्यात त्या दिवशी जे होतं ते कर.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी सगळा आनंद माझाच होता, लपवत नाही. ती मम्मी म्हणून ओरडली, एवढंच दिसत होतं. नंतर मला तू दिसलीस, गाडीवर तिला मागून धरून बसलेली, आणि ते ऐकत असलेली. आणि मग घरी येऊन, एकेक अक्षर लावत, ते मला लिहिणारी.

आक्का, तुझ्या जागी मी असते तर हे मी कधीच कुणाला सांगितलं नसतं.

विजू